पाणाड्यानं निवडलेलं घर

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या मागे लहानपणापासून आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी बसस्टँडवरून घरी परत आलेली बाई आहे. त्यामुळे घरमालकांनी मुलाचं लग्न ठरल्याचे पेढे हातावर ठेवले, तेव्हा घरात सगळ्यांनी पेढा खाल्ला आणि माझा मात्र हातातच राहिला. मुलाचं लग्न म्हणजे खाली मालकांकडे सून येणार, आणि सून येणार म्हणजे आमच्या दोन खोल्या जाणार. मालक भला माणूस, त्यांनी दिवाळीपर्यंत राहा म्हणून सांगितलं. पण त्या दिवसापासून मला त्या घरातल्या भिंतीवर खिळा ठोकवेना.

नगरमध्ये त्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो. हे एमआयडीसीत मशीनवर कामाला. मी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. लेक तिसरीत. आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या पाथर्डी तालुक्यातल्या. धाकटे दीर अजून तिकडेच गावी शेती बघतात. आत्याबाईंचं निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. दसरा झाला की गाव सोडायचं, राहात्याकडे पाटाच्या पाण्यावरचा ऊस तोडायचा, पाचटाच्या कोपीत राहायचं आणि पाऊसकाळाच्या तोंडावर परत यायचं. तिथले बंगले, बागा, म्हशी बघून त्यांनी एक गोष्ट पक्की करून ठेवली होती: माणूस हुशारीनं मोठा होत नाही, पाण्यानं होतो.

भाड्याच्या घरांनाही आता आमचा हात पोचेना, तेव्हा ह्यांनी ठरवलं की कर्ज काढू पण आपलंच घेऊ. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण आमचं अंथरूण एवढं आखूड की पाय पोटाशी घेऊनच झोपायचं. शहराच्या आतलं काही परवडणार नव्हतं. सावेडीचं नाव काढलं की एजंट नुसता हसायचा. म्हणजे शहराच्या कडेला जायचं, आणि कडेला कुठे, एवढाच प्रश्न होता.

पहिली जागा ह्यांच्या कामाजवळची. नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जिन्याला कठडा नाही, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. मी त्या खड्ड्यात वाकून बघितलं आणि मला आमची लेकच त्यात दिसली. एजंट म्हणाला, लिफ्ट येईल. कधी, ते म्हणाला नाही. खाली निळ्या ड्रमांची रांग होती आणि एक बाई टँकरची वाट बघत ड्रमवरच बसून लसूण सोलत होती. आत्याबाई तिच्याशी थोडं बोलल्या आणि वर न येताच रिक्षात जाऊन बसल्या.

दुसरी जागा टेकाडावर. दोन खोल्यांचं बैठं घर, मुरमाड जमीन, कुदळ मारली तर ठिणगी उडेल अशी. वारा चांगला, शेजार चांगला, कागद साफ. मला ती जागा मनातून आवडली होती. पण बोअर कोरडं होतं. मालकानं ते लपवलं नाही, उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो हे स्वतःच सांगितलं. ह्यांना घर पटलं होतं, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी एजंटला पुढची जागा विचारली.

तिसरी जागा सखल भागात. काळ्या जमिनीवर ओळीनं दोन-दोन खोल्यांची सहा घरं, पाच विकलेली, एक शिल्लक. मागे शेत. दारात पेरूचं झाड आणि ते चैत्रातही हिरवंगार. एजंटनं बोअरची मोटार चालू केली आणि मनगटाएवढी धार पडली. आत्याबाई पुढे झाल्या, ओंजळ धरली, प्यायल्या, उरलेलं डोळ्यांना लावलं. मी एजंटला विचारलं, की एवढं पाणी आणि एवढं स्वस्त कसं. तो म्हणाला, ताई, शेवटचं घर आहे, मालकाला मोकळं व्हायचंय.

आता इतर लोक घर घेताना वकील गाठतात. आम्हीही गाठला, कारण माझी सगळी भीती कागदांची होती. सातबारा दुसऱ्याच्या नावावर निघाला तर, जमीन बिगरशेती झालेलीच नसली तर, एकच घर दोघांना विकलेलं असलं तर. हे सगळं मी रोज पोळ्या लाटताना एकेक करून भोगत होते. वकिलानं कागद बघून दिले आणि निर्धास्त राहा म्हणाला. पण आत्याबाईंचा वकिलावर विश्वास नव्हता. त्यांनी माहेरच्या गावाहून पाणाड्या बोलावला.

आमच्या तिकडे विहीर घ्यायची, बोअर पाडायचं तर आधी पाणाड्या आणतात, जमिनीखालचं पाणी सांगणारा माणूस. घर निवडायला पाणाड्या नेलेला मात्र मी कधी ऐकला नव्हता. एजंटनंही नसावा. तो म्हातारा एसटीनं आला, पायातल्या चपला काढून ठेवल्या, तळहातावर नारळ आडवा धरला आणि डोळे अर्धे मिटून चालायला लागला. टेकाडावरच्या घराभोवती तो सगळीकडे फिरला. नारळ झोपलेला तो झोपलेलाच. मग आम्ही रिक्षानं सखल भागात गेलो. तिथे तो दारातून आत शिरतो न शिरतो तोच नारळ तळहातावर उभा राहिला. आत्याबाईंनी हात जोडले. ह्यांनीही जोडले. मी शिकलेली, बारावी झालेली, मीसुद्धा जोडले.

पाणाड्यानं पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. जाताना आत्याबाईंना म्हणाला, "हितं पानी वरच हाय, आक्का. लई वर हाय."

आत्याबाईंनी ते वाक्य पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. त्यात भिण्यासारखं काही आहे हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? हंडाभर पाण्यासाठी उन्हात कोसभर चाललेल्या बाईला कुणी सांगितलं, की बाई, इथे पाणी फार आहे, जपून राहा, तर ती हसेलच. मी कठड्याला भ्याले, लिफ्टला भ्याले, सातबाऱ्याला भ्याले. जिथे भ्यायला हवं होतं तिथे मात्र मी लेकीला घेऊन पेरू तोडत उभी होते. टेकाडावरचं घर सोडून आम्ही हे घेतलं. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. पाऊस बेताचाच झाला. आत्याबाईंनी मागे मेथी, कोथिंबीर लावली आणि गावाहून कुणी आलं की आधी मोटार चालू करून दाखवायच्या, मग पाणी द्यायच्या. माझी जुनी गिऱ्हाइकं लांब पडली म्हणून तुटली, पण हळूहळू नवी जमली. माझ्यासारखीला पण थोडं स्वस्थ वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या वर्षी गणपती उठले आणि उत्तरा नक्षत्र लागलं. तीन दिवस नुसता पाऊस. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर बसले होते आणि पायाला गार लागलं. खाली बघितलं तर फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येत होतं. दारातून नाही, छतातून नाही. खालून, आवाज न करता. मी दार उघडलं तर रस्ता नव्हता. मागच्या शेतातून गढूळ पाणी सरळ आमच्या ओळीकडे चालत येत होतं, जणू त्याला पत्ता माहीत होता.

हे कामावर, फोन लागेना. लेक शाळेतून आलेली, तिला मी पलंगावर चढवलं. आत्याबाईंनी आणि मी मिळून मशीन टेबलावर ठेवलं, धान्याची पोती ओढली, गॅसची टाकी बांधली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. साड्यांचा एक गठ्ठा तरंगायला लागला, लोकांच्या साड्या, आणि मी तो पकडायला धावले तेव्हा वीज गेली. मला तेव्हा खरोखर वाटलं, की आता हे थांबणार नाही. छातीपर्यंत येईल, आणि आम्ही तिघी या दोन खोल्यांत, स्वतःच्या मालकीच्या, बुडून मरू.

तेवढ्यात फोन वाजला. ह्यांचा असेल म्हणून मी झडप घातली, तर गावाहून दीर. आवाज आनंदानं फुटलेला. म्हणाले, वहिनी, पाझर तलाव भरला, सांडव्यावरून पाणी चाललंय, सगळं गाव तिथे जमलंय, आईला द्या. मी फोन दिला. आत्याबाईंनी ऐकलं. लेकाला म्हणाल्या, लई चांगलं झालं, नारळ फोडा. इथलं एक अक्षर सांगितलं नाही. फोन फडताळात ठेवला, पाण्यातच खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि हात जोडले.

"बास कर आता," त्या म्हणाल्या. "न्हाई लागत. जा हितनं."

आयुष्यभर ज्या बाईनं पावसाला ये म्हटलं, नवस बोलून बोलावलं, तिच्या तोंडून मी हे ऐकलं आणि पाण्याला भ्याले नाही एवढी त्या शब्दांना भ्याले. त्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी लगेच तोंडावर पदर धरला. पण बोलून झालं होतं. आणि खरंच, दिवेलागणीच्या आत पाऊस थांबला, हे घरी पोचेपर्यंत पाणी उंबऱ्याखाली गेलं.

नंतर मागच्या शेताचे मालक ओल बघायला आले तेव्हा म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का, हे लवण आहे, खोलगट जागा, टेकाडापासूनचं सगळं पाणी पूर्वीपासून इथेच येऊन थांबतं. आम्ही विचारलंच नव्हतं. आम्ही पाणी आहे का, एवढंच विचारत फिरलो होतो. आता विकायचं म्हटलं तरी भिंतीवरची गढूळ रेघ रंगाखालून परत वर येते. पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं आणि आभाळाकडे बघत राहायचं.

यंदा ते बघणंही नको झालं. रोहिणी कोरडी गेली, मृग गेला, आर्द्रा गेली. इथे शिंतोडे तरी पडले, गावाकडे तेही नाही. दिरांनी बाजरी पेरली ती उगवून करपली. दुबार पेरली, तीही गेली. गावात टँकर सुरू झाला. आणि मी, खोटं कशाला सांगू, सुखानं झोपत होते. ढग आले की मी शिवण सोडून दाराशी उभी राहायची, न पडता निघून गेले की परत मशीनवर बसायची.

आत्याबाई मात्र झिजत चालल्या. दिरांचा फोन आला की घेईनात. गावाला चला म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणायच्या. मेथीला पाणी घालायचं सोडलं. शेवटी एका रविवारी जेवताना ह्यांनी विचारलंच, की तुला झालंय तरी काय. त्या भात चिवडत म्हणाल्या, की मी त्याला जा म्हनले, म्हनून तो गेला. ह्यांनी समजावलं. पाऊस का माणसाचं ऐकतो, असं कुठे असतं का, सगळ्या तालुक्यात हीच गत आहे.

त्यांनी ह्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "गेल्या वर्षी ऐकलं की माजं."

त्या दिवशी पाणी खरंच ओसरलं होतं, आणि ते का ओसरलं हे मला तरी कुठे माहीत आहे?

परवा दुपारी आभाळ भरून आलं. उत्तराच लागलेली. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी आत साडीला फॉल लावत होते. बाहेर बोलण्याचा आवाज आला, वाटलं शेजारीण आली, म्हणून दाराशी गेले. कुणी नव्हतं. त्या एकट्याच, मांडीवर दोन्ही तळवे उघडे ठेवून, वर बघून बोलत होत्या.

"चुकले रं बाबा. ये. तिकडं जा, न्हाई तर हितं ये, पन ये. घर गेलं तरी चालंल."

हे घर ह्यांच्या आणि माझ्या दोघांच्या नावावर आहे. मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. मला म्हणायचं होतं, आत्याबाई, माझं तरी विचारा, मला चालणार नाही. पण तिकडे करपलेली बाजरी त्यांच्या लेकाची होती, आणि त्या जे मागत होत्या ते मागू नका म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यांच्या शेजारी जाऊन बसावं असंही वाटलं. ते केलं नाही. मागे शेतावर अंधारून येत होतं. मी आत गेले, स्टूल ओढलं आणि लेकीची पुस्तकं एकेक करून माळ्यावर ठेवायला लागले.