समोरचा डोंगर

पुंजाराम वीस वर्षं परदेशी पाहुण्यांना टॅक्सीतून नाशिक फिरवतो. पूर्वी त्र्यंबकेश्वर, पांडवलेणी, पंचवटी असं सगळं तो एका दिवसात उरकायचा. नीट बघून झालं का, हे कुणी विचारत नसे. कोरोनानंतर येणाऱ्यांना गर्दी नको असते आणि घाईही नको असते. परवाच्या डच जोडप्याने तर त्र्यंबक रस्त्यालगतच्या एका शेतावरच चार दिवस मुक्काम ठोकला. पुंजारामला नुसतं बसायची सवय नाही. त्याने गाडी तीनदा धुतली. तिसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या डोंगराचं नाव विचारलं. रोज त्याच्याच पायथ्यावरून जाणाऱ्या पुंजारामला ते ठाऊक नव्हतं. त्याने बांधावर शेळ्या चारणाऱ्या म्हातारीला विचारलं. तिने नाव सांगितलं आणि ती त्याच्याकडे निरखून बघत म्हणाली, "पाव्हणे, हिकडं पहिल्यांदाच आले का?"