आपोआप उघडणारं पान

आमच्या शाळेत दहावीची मुलं परीक्षा झाली की पुस्तकं परत करतात आणि तीच पुढच्या वर्षीच्या दहावीला मिळतात. फाटलेली पानं मी चिकटवते. विज्ञानाचं पुस्तक टेबलावर ठेवलं, की एकाच पानावर आपोआप उघडतं. प्रजननाचा तो धडा मी दरवर्षी 'घरी वाचा' म्हणून सोडून देते आणि सगळ्यांत मळलेलं पान नेमकं तेच असतं.

काल पालकसभेत मी म्हटलं, यंदा हा धडा वर्गात नीट शिकवू या, वयात येण्याबद्दलही बोलू या. एक वडील उठले. "बाई, मुलांच्या डोक्यात नाही नाही ते कशाला भरवताय?"

मी वाद घातला नाही. पुस्तकच त्यांच्यासमोर ठेवलं. ते पान उघडलं. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'असं फक्त मलाच होतं का?' खाली वेगळ्या अक्षरात, 'मला पण.' त्याखाली तिसरं अक्षर, 'मलाही होतं, घाबरू नकोस.'

त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पुस्तक शेजारच्या बाईंकडे सरकवलं. मग ते सभाभर फिरलं.

तीन वर्षांत तीन मुलांनी एकमेकांना धीर दिला होता. तिन्ही वर्षं तो वर्ग माझाच होता.