झाकणामागची पेन्सिल

डायलिसिसचं मशीन उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी सापडतात. तारीख, काय बदललं, आणि बदलणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं. कुठल्याही पुस्तकात नसलेली ही आमच्या धंद्याची रीत आहे. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले ते म्हणायचे, पुढचा माणूस उघडेल तेव्हा आधी कोणाचा हात लागला होता हे त्याला कळलं पाहिजे. आणि पेन्सिलच वापरायची, कारण औषधाच्या वाफेने शाई पसरते. अकरा वर्षं मी हे केलंय. काम संपलं की हात आपोआप खिशाकडे जातो.

ती अकरा वर्षं मी एका एजन्सीची कंत्राटी माणूस होते. त्यांनी सांगितलेल्या दवाखान्यात जायचं, मशीन दुरुस्त करायचं, महिनाअखेर बिल द्यायचं. मग एक दिवस साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की हे अधांतरी लटकणं आता बंद. एकतर पेरोलवर या, नाहीतर स्वतःची कंपनी काढून आमची कामं घ्या. पेरोलवर आलात तर सुट्या, फंड आणि आईवडिलांसकट विमा. मात्र आमचा करार नसलेल्या मशीनला हात लावायचा नाही.

मी लग्न केलेलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे कोणी मधेच नवरा शोधत बसणार नाही. महाल नावाच्या जुन्या वस्तीत दोन खोल्यांत मी आणि बाबा राहतो. बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले. पायऱ्या तीनच आहेत, पण त्या तीन चढताना त्यांच्या कपाळावर घाम येतो. विमा हा शब्द ऐकला आणि मी सही करून टाकली. स्वतःची कंपनी वगैरे ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी काढावी, असं तेव्हा मी सगळ्यांना ऐकवत होते.

सही करताना सावनेर आठवलं नाही असं नाही. तिथे एका छोट्या दवाखान्यात दोन जुनी मशीनं आहेत. त्यांचा करार केव्हाच संपलेला, पण मी अधूनमधून जाऊन ती चालती ठेवत असे. आता दुसरं कोणीतरी बघेल, असं मी ठरवलं. आपण ठरवलं की दुसरं कोणीतरी तयार होतं, असं का वाटतं कोण जाणे.

तिसऱ्या महिन्यात तिथल्या सिस्टरचा फोन आला. "ताई, एका मशीनचं पानी गरमच होऊन नाही राहिलं. चौघं जनं बसून आहेत इथं."

"मले येता येत नाही आता. दुसऱ्या कोनाले बोलवा ना."

"बोलवलं ना. नवीन मशीन घ्या म्हनतात. तुमीच सांगा, कुठून घ्याचं?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तसल्याच एका भंगारात निघालेल्या मशीनचा हीटर माझ्याकडे पडून होता. तो पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली. हीटर बसवला, मशीन दोन तास रिकामंच चालवलं, माझ्या मीटरने पाण्याचं तापमान पुन्हा पुन्हा तपासलं. मगच पहिल्या पेशंटला लावू दिलं. चोरून गेले होते, चोरूनच परत आले. आणि झाकण लावण्याआधी, शहाणी मी, तारीख टाकून खाली आपली दोन अक्षरं लिहून आले. चोराने घरफोडी करून दारावर पाटी लावावी तसं.

तीन आठवड्यांनी आमचाच एक माणूस नवीन मशीन विकायला तिथे गेला आणि त्याने झाकण उघडलं.

साहेबांनी मोबाइलवरचा फोटो माझ्यापुढे धरला. साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "त्या मशीनवर कोणाला काही झालं असतं तर आपण सगळे अडकलो असतो. तुम्हाला कळतं हे." कळत होतं. मग खाली बघत म्हणाले, "पेन्सिल आहे. अक्षरं दोनच. माझं नाही म्हणा, मी विषय संपवतो. फक्त परत तिथे जाऊ नका."

मी एक दिवस मागून घेतला. घरी येईपर्यंत मला स्वतःचा इतका राग आला होता की पेन्सिल मोडून नालीत फेकली. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन विम्यावर पुढच्या महिन्यात ठरलं होतं.

बाबा गुडघ्याला तेल लावत बसले होते. "काहून वं, तोंड काहून उतरलं?"

सगळं सांगितलं. "खोटं बोलली तं नोकरी राहते बाबा. तुमचा गुडघा होते."

"अन् सावनेरचे?"

"तिकडं जाता येनार नाही मंग."

बाबा कापडाच्या मिलमध्ये मागावर होते, मिल बंद होईपर्यंत. पक्की नोकरी म्हणजे काय आणि ती कशी जाते, दोन्ही त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "कापडाच्या थानाच्या टोकाले आमच्या मागाचा नंबर राहे. कापडात खोट निघाली का थान परत ये, सगळ्याइच्या समोर. लय लाज वाटे. पन आपला नंबर पुसाले कोनी गेलं नाही." तेलाची वाटी माझ्याकडे सरकवत पुढे म्हणाले, "माहा गुडघा थांबून राहील वं. त्या लोकाइचं रक्त थांबून राहते का?"

मला त्यांचाच राग आला. इतक्या सहज त्यांनी स्वतःचं दुखणं बाजूला ठेवलं की मला भांडायलाही जागा उरली नाही.

सकाळी साहेबांना म्हटलं, "अक्षर माझं आहे."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला. "मग पेरोल सोडावं लागेल. कंपनी काढाल तर देईन कामं. पण काही कमीजास्त झालं तर सगळं तुमच्यावर येईल, हे लक्षात ठेवा."

"आधीही माझ्यावरच होतं, साहेब. म्हणून तर लिहिलं."

कंपनी काढली. म्हणजे मी, एक स्कूटर आणि सुट्या भागांचा एक पत्र्याचा डबा. लकडगंजची आत्या अजून ऐकवते, की हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली. बाबांसाठी सरकारी दवाखान्यात नंबर लावला आहे. तो कधी लागेल ते कोणी सांगत नाही, आणि मी दर सोमवारी जाऊन विचारायचं सोडत नाही.

कंपनीचं पहिलं काम सावनेरचंच घेतलं. दोन्ही मशीनं उघडली, धुतली, तपासली. नवी पेन्सिल काढली आणि या वेळी दोन अक्षरांवर थांबले नाही, पूर्ण नाव लिहिलं, खाली फोन नंबर.

परत आले तेव्हा बाबा खालच्या पायरीवर बसले होते. वर जायला माझी वाट बघत.

"लिवून आली का?" त्यांनी विचारलं.

"हाव," म्हटलं, आणि खांदा त्यांच्या हाताखाली दिला.