एकदम ठीक, साब!

राखोलीच्या कारखान्याचा भोंगा वाजला की आमचे हे खाटेखाली शिरायचे. फौजेतून घरी आले ते असेच. सीमेवर त्यांच्या डोळ्यांदेखत बंकर उडाला, सोबतचे दोघं गेले, आणि ह्यांची झोपही तिथेच राहिली. पण मेडिकल बोर्डाने काय लिहावं? आजार नोकरीमुळे नाही, रक्तातलाच आहे! म्हणून अपंगत्वाची पेन्शन नामंजूर. पेन्शनपेक्षा मला ते 'रक्तातलाच' झोंबलं. आमची मुलगी लग्नाला आली होती. आमच्या टोकरखाड्याच्या वस्तीत असली गोष्ट पसरायला किती वेळ लागतो?

"अहो, बोर्डासमोर बोललात तरी काय?"

"साब म्हणाले, कैसे हो? मी म्हटलं, एकदम ठीक, साब!"

मी कपाळावर हात मारून घेतला. फौजेची रीतच ती. साहेबाने विचारलं की छाती काढून ठीकच म्हणायचं, मग पायात गोळी का असेना.

शेजारच्या मास्तरांनी अपील लिहून दिलं आणि बोर्डाचं पुन्हा बोलावणं आलं. वाटभर मी बजावत होते, "झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण इथे ती उघडायचीय, कळलं?" हे मान डोलवत होते.

आत गेले, टाचा जुळवल्या.

"कैसे हो, जवान?"

"एकदम ठीक, साब!"

दाराशी उभी होते ती मी तशीच आत घुसले. "मेलं ते ठीक! ठीक असते तर मी इतक्या लांब कशाला आले असते? साहेब, लग्नातले फटाके वाजले तरी हा माणूस मोरीत जाऊन बसतो!" रागाच्या भरात माझं मराठी, हिंदी, गुजराती सगळं एक झालं होतं. शिपाई मला बाहेर काढायला आला. डॉक्टरसाहेबांनी त्याला हातानेच थांबवलं. मग ह्यांच्याकडे बघून कवायतीच्या आवाजात म्हणाले, "जवान, विश्राम!"

ह्यांचे पाय आपोआप फाकले, हात मागे गेले.

"अब सच बोलो. हुक्म है."

आणि हे बोलले. बंकरपासून मोरीपर्यंत सगळं. मी पदर तोंडाशी धरून ऐकत राहिले. निम्मं तर मलाही ठाऊक नव्हतं.

काही महिन्यांनी निकाल आला: आजार नोकरीमुळेच. हुश्श! गेलं एकदाचं ते रक्तातलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले, आणि गल्लीभर शिरा वाटला.

दुसऱ्या दिवशी चहा देताना सवयीने विचारलं, "कसे आहात?"

ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं.

"आज बरं नाही गं. जरा बस इथे."

मी स्टोव्ह बंद केला आणि बसले.