दरवाजाचा राखणदार

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि सोबत घरचं माणूस आणायला सांगितलं. पोटात गाठ होती; ती कसली, हे काढल्यावरच कळणार होतं. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी मुंबईत, ओली बाळंतीण. तिला कळवायचं नाही असं मी ठरवूनच टाकलं. शेजाऱ्यांकडे मी कधी वाटीभर साखर मागितलेली नाही, ऑपरेशनला सोबत कुठली मागणार? नकोच ते ऑपरेशन, असं मनात यायला लागलं. माझी देवभक्ती बेताचीच. तरी एका सकाळी किल्ल्यावरच्या देवीला कौल लावायला निघाले. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी आधी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर नाही.

किल्ला रत्नागिरीजवळच, खाडीच्या तोंडावर. बहमनी काळात बांधलेला, पुढे विजापूरकरांचा, मग मराठ्यांचा. तट ढासळले, दरवाजा तेवढा उभा आहे. दोन बुरुजांमधून वळल्याशिवाय त्याची जांभ्याची कमान दिसतच नाही. शत्रूला सरळ धावत येऊन दारावर धडकता येऊ नये म्हणून ही रचना. आत दोन्ही बाजूंना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. नुसता हा दरवाजा पाहायला कोणी आलं तरी फेरी फुकट जाणार नाही. त्या दिवशी मात्र माझं कशाकडेच लक्ष नव्हतं.

देवळाला कुलूप होतं. परत फिरले आणि देवडीत बसून राहिले. देवीलाही मी नकोशी झाले, असं वाटलं. कमानीखाली एक साठीची बाई विडा ठेवत होती. पायथ्याच्या वाडीतली. गुरव लग्नाला गेलेत, परवाशिवाय कौल नाही, असं तिने आपणहून सांगितलं. विडा कोणाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, दरवाजाच्या राखणदाराला. तिच्या सासरच्यांकडे पूर्वी इथला पहारा होता. दार मिटल्यावर कोणी आलं तर त्याला दिंडीतून, मोठ्या दारातल्या छोट्या दारातून, आत घेत आणि पहारेकरी घरापर्यंत पोचवून येई. पहारा गेला, विडा चुकलेला नाही.

मग माझा कौल त्यालाच विचारा, मी म्हटलं.

"तो कौल देत नाय, बाय. तो फक्त सोबत करतो. गाऱ्हाणं घालते, सांग काय ते."

गाऱ्हाणं एकटीने होत नाही. एकाने देवापुढे बोलायचं, दुसऱ्याने दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्यामुळे तिला सगळं सांगावं लागलं. गाठ, तारीख, मुलगी. महिनाभरात हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते. ती हात जोडून एकेक मागणं घालत गेली, मी व्हय म्हणत गेले. मग एक वाक्य तिने मला न विचारताच घातलं. "हिच्या संगती मी जाते, म्हाराजा. दोघींना सांभाळ."

तिने मान वळवून पाहिलं. "व्हय म्हण गो. दिवसभर उभी ठेवतेस काय मला?"

मी व्हय म्हटलं.

ठरल्या दिवशी ती पहिल्या एसटीने आली. नर्सने नातं विचारलं, तर बिनदिक्कत "मावशी" म्हणाली. गाठ साधी निघाली. त्याला मी चमत्कार म्हणत नाही. भार देवावर टाकणं मला सोपं वाटत होतं. माणसाने पुढे केलेला हात धरणं फार जड गेलं. तो हात देवीनेच धाडला, असं आज मी मानते आणि तिचे उपकार विसरत नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मावशीने माझ्या हातात फोन दिला आणि मुलीला लावायला लावला. मुलगी रडली, मग मला खूप रागावली. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्यावर रागावत होतं.