शटरचा टीव्ही

"चित्र आल्याबिगर कुठलीच पेटी माझ्या टेबलावरून उतरत नाय," जयराम वेखंडे म्हणायचा.

म्हणायचा तेव्हा ते खरंही होतं. १९९३ साली त्याने खर्डी स्टेशनच्या रस्त्याला भाड्याच्या जागेत पत्र्याचं दुकान टाकलं. पुढची सात-आठ वर्षं त्याच्या टेबलावर कायम दोन-तीन टीव्ही पाठ उघडी टाकून पडलेले असत. आजारी पोर दवाखान्यात न्यावं तसे लोक टीव्ही चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन जीपमधून येत. जयराम पाठ उघडून आत फुंकर मारायचा. मेलेली पाल निघाली की मालकापुढे धरायचा. "हा बग तुजा भाडेकरू. भाडं देतो का नाय?"

मग टीव्ही स्वस्त झाले. लोक बिघडलेला देऊन नवा घेऊ लागले. नव्या टीव्हीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. असायची ती सर्किटची एक पट्टी, गेली की गेली. २००५ च्या दिवाळीनंतर जयराम रोज दुकान उघडून रिकामं टेबल पुसायचा आणि त्याच्यामागे बसून राहायचा. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. अंबूबाई, त्याची बायको, म्हणायची, "भिवंडीला गोदामात तरी जावा." तो म्हणायचा, "जाऊन काय करू? खोकी उचलू?"

त्याच्या हातून एकच पेटी चित्राशिवाय राहिली होती, आणि ती शेणवे गावातल्या त्याच्याच घरात होती. कल्याणच्या एका बंगल्यातून भंगारात निघालेला जुना व्हॉल्व्हचा टीव्ही. चार पायांचा, सागवानी, पडद्यावर दोन्ही बाजूंनी सरकणारं लाकडी शटर, खाली कंपनीची पितळी पाटी. त्याचे बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह गेलेले, नवे कुठे मिळेनात म्हणून तो बारा वर्षं पडवीत मुका उभा होता. अंबूबाई त्यावर लोणच्याची बरणी ठेवायची.

कुणाकडून तरी ऐकून मुंबईचे मेहेंदळे तो बघायला आले. ते जुने टीव्ही जमवत. त्यांनी बूट काढले, टीव्हीसमोर उकिडवे बसले आणि शटर हळूच सरकवलं.

"असे दोनच पाहिलेत मी आयुष्यात. एक यंदाच्या पुरात गेला." मग मान वळवून म्हणाले, "जयरामभाऊ, तुम्हाला व्हॉल्व्हचं काम येतं?"

"शिकलो तर त्याच्यावरच."

"माझ्याकडे असे एकतीस सेट आहेत. त्यांच्याकडे बघणारा माणूस नाही. या माझ्याकडे. राहायची सोय करतो."

अंबूबाईने आतून बरणी उचलायला धाव घेतली.

जाताना मेहेंदळे म्हणाले, "रविवारी हा न्यायला टेम्पो घेऊन येतो. तोवर याला हात लावू नका. आहे तसाच पाहिजे."

जयरामने ते नीट ऐकलं. पण आमच्या बाजूला पाहुणा उंबऱ्यातच म्हणतो, 'काय करू नका, आमी जेवूनच आलोय.' कुणी ते खरं धरून त्याला नुसत्या पाण्यावर लावून दिलं, तर वर्षभर त्या घराची गोष्ट गावात फिरते. 'हात लावू नका' हेही जयरामला तसंच वाटलं. आपल्याला काम देणाऱ्या माणसाला बंद टीव्ही सोपवायचा?

तो उल्हासनगरहून रंगीत टीव्हीचा आतला नवा सांगाडा आणि चित्राची नवी ट्यूब घेऊन आला. दुपारी वीज असेल तेवढ्या वेळात काम करायचा. लाकूड तासून जागा केली. जुनं सगळं उपटून काढलं. सागवानाला तपकिरी ऑइलपेंट दिला. पितळी पाटी चिंचेने घासली. तिच्यावरची अक्षरं अर्धी पुसली गेली, पण चकाकली. शेजारची सकुबाई कुंपणावरून म्हणाली, "काय रं जयरामा, पोरगी दाखवायची का काय?" तो त्या आठवड्यात हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

रविवारी मेहेंदळे आले. जयरामने शटर सरकवून बटण दाबलं. पडद्यावर एक बाई मिरच्या चिरत होती.

"हिरवा बगा कसा आलाय," जयराम म्हणाला.

मेहेंदळ्यांनी टीव्हीच्या मागे जाऊन पाहिलं. "आतलं कुठं आहे?"

"जुनी ट्यूब फोडून पुरली. तशीच ठेवली तर काचा उडतात ना. बाकीचं भंगारवाला घेऊन गेला."

"कधी?"

"गुरुवारी. मुरबाडचा होता, फिरता."

मेहेंदळे खाली बसले. या खेपेला त्यांनी बूट काढले नव्हते. बाईने मिरच्या तेलात टाकल्या. चर्र आवाज झाला.

"काम सफाईदार आहे," ते म्हणाले. "पण चित्र मी घरीही बघतो हो. मला ते व्हॉल्व्ह पाहिजे होते. बंद का असेनात."

"बंद टीव्ही घेऊन काय करणार होता?" जयरामने विचारलं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

टेम्पोवाल्याने बाहेरून दोनदा हॉर्न वाजवला.

"आन कामाचं?" जयराम म्हणाला. "सोमवारपासून तुमच्याकडं कामाला येणार म्हणून मी जागेच्या मालकाला सांगितलं. दुकान सोडलं."

मेहेंदळे उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त ऐकू आलं. "माझे एकतीस आहेत, जयरामभाऊ. ते तुमच्यापुढे ठेवायची मला भीती वाटेल."

अंबूबाई दारात उभी होती. हात पिठाचे. "अवो, सांगा ना त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "पयल्यासारखा करून देतो म्हणावं. तुमाला काय अवघड हाय?"

पहिल्यासारखा होणार नाही, हे त्या पडवीत दोघांनाच कळत होतं, आणि त्यांतला एक मुंबईचा होता.

"सांगा की!"

जयरामने टीव्हीचा आवाज बारीक केला. बंद नाही केला. मग पायात चपला सरकवल्या, मेहेंदळ्यांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून त्यांच्या बाजूने गेला, आणि अंगण ओलांडून रस्त्याला लागला.