पहिल्या रांगेतला प्रश्न

नोएडात महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही डेटाबेसवाले जमतो. नव्या आवृत्तीत काय आलं, जुनीचा सपोर्ट कधी संपणार, अशा बातम्या एकमेकांना सांगतो. तिथे पहिल्या रांगेत साठीचे एक गृहस्थ बसायचे. स्वेटरला दोन पेनं अडकवलेली, मांडीवर वही. कुठल्याही बातमीवर ते खूश होत नसत, नाराजही होत नसत. फक्त लिहून घेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा आमच्या ऑफिसात रोजचा बॅकअप आपोआप कसा घेतला जातो, ते मी स्लाइड दाखवून सांगितलं. टाळ्या झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"बहुत अच्छा. वापस लाकर कभी देखा है, बेटा?"

सगळे हसले. मीही हसलो.

सोमवारी ऑफिसात मी पहिल्यांदाच एक बॅकअप उघडून पाहिला. फाइल होती, तिच्यावरची तारीखही बरोबर होती. आत काहीच नव्हतं. आदल्या दिवशीची तशीच, त्याच्या आदल्या दिवशीचीही. मी कित्येक महिने रिकाम्या फायली जपत होतो. त्या दिवशी डबा तसाच राहिला. सगळं दुरुस्त केलं, डेटा खरोखर परत येतो हे दोनदा पाहिलं, आणि मगच मयूर विहारची मेट्रो धरली.

पुढच्या बैठकीत मी त्यांना गाठून आभार मानले. त्यांनी वही मिटली.

"हमसे किसी ने पूछा नहीं था," ते म्हणाले, आणि चहा घ्यायला उठले.

त्यांचं काय गेलं होतं, ते मला विचारवलं नाही.